सहाही फेकी

आमच्या शाळेत खरा भाला आला तो बाईंच्या पगारातून. शाळेच्या कुठल्याही वहीत त्याची नोंद नाही. कोल्हापूरच्या क्रीडासाहित्याच्या दुकानातून त्यांनी तो मागवला, मेरठहून पार्सलनं आला आणि गोणपाटात गुंडाळलेला तो लांबलचक जिन्नस बाईंनी एसटीच्या टपावरून उतरवून घेतला. त्याआधी आम्ही वेळूचे भाले फेकत होतो. बुरुडाकडून सरळ वेळू निवडून आणायचा, लोहाराकडून टोक बसवून घ्यायचं, मध्यभागी सुतळी गुंडाळून पकड करायची. महिलांचा भाला 600 ग्रॅम वजनाचा आणि 2.20 ते 2.30 मीटर लांबीचा असावा लागतो. आमचा वेळू ओला असला की जड, वाळला की हलका, आणि वाऱ्यात कुठं जाईल त्याचा भरवसा नसे. मेरठचा भाला पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तो तळहातावर आडवा तोलून राहिला. असा तोल वेळूला कधीच आला नव्हता.

बाई म्हणजे आमच्या कन्याशाळेतल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका. आज त्यांचं वय ऐंशीच्या पुढं आहे. माझी नोकरी, पंच म्हणून मिळालेलं काम, मैदानावर ताठ उभं राहायची सवय, हे सगळं बाईंच्या त्या मैदानावर सुरू झालं. त्यांना हे तोंडावर सांगितलं की त्या विषय बदलतात. म्हणून लिहून ठेवते आहे.

1986 सालच्या सोल एशियाडमध्ये पी. टी. उषानं चार सुवर्णपदकं जिंकली आणि आमच्या शाळेतल्या सगळ्या मुली धावायला लागल्या. कृष्णाकाठच्या त्या गावातही प्रत्येकीला उषा व्हायचं होतं. मीसुद्धा धावत होते. पण बाईंनी मला धावताना हेरलं नव्हतं. आमच्या शेतात ज्वारी कणसात आली की पाखरं हाकायला मी माळ्यावर चढून गोफण चालवायची. एकदा बाई वाटेनं जाताना थांबल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी मला मैदानात बोलावून म्हणाल्या, “दगड सोडताना तुझा हात मागं राहतो आणि कंबर आधी फिरते. हे शिकवून येत नाही गं. तू भाला फेकायचास.”

घरी सांगितल्यावर वडील म्हणाले, “पोरगी भाला फेकून काय लढाईला जाणार हाय व्हय?” बाई स्वतः आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. आईनं चहा केला. वडिलांना त्यांनी खेळाचं महत्त्व वगैरे काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, “दिवेलागणीच्या आत मी हिला दारात आणून सोडीन. एक दिवस जरी उशीर झाला तरी दुसऱ्या दिवशी पाठवू नका.” पुढची सगळी वर्षं त्यांनी तो शब्द पाळला. त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. मला सोडून त्या अंधारातून एकट्या परत जायच्या, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

बाई पाचवारी साडीत शिकवायच्या. पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्याच वेषात त्या धाव घेऊन भाला फेकून दाखवत. भाला हातानं फेकतात असं बघणाऱ्याला वाटतं. बाईंनी पहिले कितीतरी आठवडे माझ्या हाताकडं बघितलंच नाही, फक्त पाय बघितले. शेवटच्या पावलांत शरीर आडवं ठेवून पायावर पाय टाकत यायचं, भाला मागं ओढलेला ठेवायचा, आणि मग डावा पाय समोर असा रोवायचा की गुडघा वाकता कामा नये. धावण्याचा सगळा वेग त्या रोवलेल्या पायावर अडतो, तिथून कमरेत येतो, कमरेतून खांद्यात, खांद्यातून कोपरात, आणि बोटांपर्यंत पोचतो तेव्हा भाला सुटतो. कोपर खाली पडलं की हा सगळा प्रवास वाया जातो आणि कोपरही दुखावतं. “कोपर वर, नजर लांब.” हे चार शब्द मी आता माझ्या विद्यार्थिनींना त्याच चालीवर सांगते.

फेक झाली की बाई जमिनीवर उकिडव्या बसून माती न्याहाळायच्या. भाल्याचं धातूचं टोक आधी टेकलं तरच फेक वैध, हा नियम. पण त्या काळचे महिलांचे भाले हवेत तरंगत जात आणि पुष्कळदा आडवेच पडत. टोक आधी लागलं की शेपूट, यावरून मोठमोठ्या स्पर्धांतही वाद होत. बाईंना मातीत टोकाची खूण दिसली नाही तर त्या माझी फेक बाद करत. सराव असला तरी बाद.

1987 च्या सप्टेंबरमध्ये रोमला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. बाईंनी त्यातल्या महिलांच्या भालाफेकीची बातमी इंग्रजी नियतकालिकातून कापून आणली आणि आम्हाला मराठीत सांगितली. ब्रिटनच्या फातिमा व्हिटब्रेडनं 76.64 मीटर भाला फेकून सुवर्ण जिंकलं होतं. पूर्व जर्मनीची पेट्रा फेल्के दुसरी, 71.76 मीटर. आदल्या वर्षी स्टुटगार्टच्या युरोपियन स्पर्धेत, तेही पात्रता फेरीत, फातिमानं 77.44 मीटरचा विश्वविक्रम केला होता. पण बाईंनी आकडे सांगून लगेच त्यामागची गोष्ट सुरू केली. तान्ही असताना फातिमाला लंडनमधल्या एका घरात एकटीला टाकून दिलं गेलं होतं. शेजाऱ्यांना रडणं ऐकू आलं म्हणून ती वाचली. पुढचं बालपण अनाथ मुलांच्या वसतिगृहांत गेलं. भालाफेकीच्या ओढीनं ती मैदानावर आली, तिथं तिला मार्गारेट व्हिटब्रेड ही प्रशिक्षक भेटली. मार्गारेटनं तिला जोडे आणि भाला मिळवून दिला, शिकवलं, आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास दत्तक घेऊन आपलं आडनाव दिलं. बाई म्हणाल्या, “पदक फातिमाचं. पण मला भेटायचं झालं तर मी मार्गारेटला भेटीन.”

त्याच दिवशी त्यांनी हेलसिंकीचीही गोष्ट सांगितली. 1983 साली पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा फिनलंडमध्ये झाली. त्या देशाचं भालाफेकीवर इतकं प्रेम की हेलसिंकीच्या ऑलिंपिक स्टेडियमचा मनोरा 72.71 मीटर उंच बांधलेला आहे, मत्ती यार्विनेननं 1932 च्या ऑलिंपिकमध्ये जेवढ्या अंतरावर भाला फेकून सुवर्ण जिंकलं तेवढा. त्या स्टेडियममध्ये फातिमा 69.14 मीटरवर आघाडीवर होती. सहाव्या आणि शेवटच्या फेकीत यजमान फिनलंडच्या टीना लिलाकनं 70.82 मीटर गाठलं आणि सुवर्ण नेलं. स्पर्धेतलं फिनलंडचं ते एकमेव सुवर्ण. फातिमाच्या हातून ते गेलं आणि चार वर्षांनी रोममध्ये तिनं ते मिळवलं. बाईंनी यातून आम्हाला भालाफेकीचं गणित समजावलं. तेव्हाच्या नियमानं अंतिम फेरीत बाराजणी असत. प्रत्येकीला तीन फेकी. त्यांतल्या पहिल्या आठजणींना आणखी तीन. सहा फेकींतली सर्वांत लांबची तेवढी धरतात, बाकीच्या पाच कुणी विचारत नाही. “म्हणून आधी आठात यायचं बघ,” बाई म्हणायच्या. “पुढच्या तीन फेकी त्यातूनच मिळतात.”

पुढच्या हिवाळ्यात सांगलीला जिल्हा स्पर्धा होती. दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेची उंच, सावळी मुलगी वेळूचा भाला घेऊन आली होती आणि सरावातच तो मधे चिरला. तिच्याबरोबर आलेल्या सरांना काय करावं ते कळेना. बाई उठल्या, आमचा मेरठचा भाला उचलला आणि तिच्या हातात दिला. पकड कशी घ्यायची तेही दाखवलं. एक फेक माझी, मग भाला तिच्याकडं, मग परत माझ्याकडं, अशी ती स्पर्धा झाली. शेवटच्या फेकीत ती माझ्यापुढं गेली. ती पहिली, मी दुसरी. निकाल सांगितला तेव्हा बाई तिच्यासाठी टाळ्या वाजवत होत्या.

परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. आष्टा आलं तेव्हा बाई म्हणाल्या, “ती मोडक्या वेळूनं फेकून मागं राहिली असती तर तू कुणाला हरवलं असतंस? वेळूला. आज तू दुसरी आलीस ते खरं आहे. त्यात खोट नाही.” मला ते पटायला बरीच वर्षं लागली, पण मी ते विसरले मात्र कधीच नाही. ती मुलगी आणि मी पुढं राज्य स्पर्धेच्या शिबिरात एका खोलीत राहिलो. ती पोलीस दलात गेली. दर दिवाळीला तिचा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, “बाई कशा आहेत?”

मी विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचले. मग बी.पी.एड. केलं, शिक्षिका झाले आणि मैदानी स्पर्धांत पंच म्हणून उभी राहू लागले. पंचाच्या परीक्षेसाठी नियमांचं पुस्तक वाचताना एका कलमापाशी थांबले. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळाडूला स्वतःचा भाला आणता येतो. पंच तो तपासतात, वजन आणि लांबी मोजतात, खूण करतात. पण एकदा मंजूर झाला की तो त्या स्पर्धेतल्या सगळ्यांसाठी खुला. प्रतिस्पर्धी तो उचलून फेकू शकते, आणि त्याच भाल्यानं आपल्याला मागं टाकू शकते. 2021 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर नीरज चोप्राचा भाला पाकिस्तानच्या अर्शद नदीमनं अंतिम फेरीआधी हातात घेतला होता यावरून आपल्याकडं गदारोळ झाला, तेव्हा नीरजनंच लोकांना शांतपणे समजावलं की यात काहीही वावगं नाही, कुणीही कुणाचा भाला वापरू शकतो. टीव्हीवर ते ऐकताना मला सांगलीचं मैदान दिसत होतं. जागतिक स्पर्धेचं ते कलम बाईंनी कधी वाचलं होतं असं मला वाटत नाही. त्या तशाच वागल्या होत्या.

1999 मध्ये महिलांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढं सरकवला गेला, पुरुषांचा 1986 मध्येच सरकला होता. नवा भाला लवकर नाक खाली करतो आणि टोकावर पडतो. मातीतल्या खुणेचे वाद मिटले, अंतरं कमी झाली. पेट्रा फेल्केचे 1988 चे पॉट्सडॅमचे 80 मीटर जुन्या भाल्याचे. नव्या भाल्याचा विश्वविक्रम चेक प्रजासत्ताकाच्या बार्बोरा श्पोताकोवाचा, 2008 मधला, 72.28 मीटरचा. आमचा मेरठचा भाला जुन्या घडणीचा, त्यामुळं आता तो स्पर्धेत चालत नाही. तो माझ्या शाळेत आहे आणि नवीन मुली पकड त्याच्यावरच शिकतात.

2019 च्या शरद ऋतूत मी मुलीकडं दोहाला होते. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तिथंच भरली होती. बाहेर उकाडा असा की महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू करावी लागली होती, आणि खलिफा स्टेडियमच्या आत मात्र यंत्रांनी थंड केलेली हवा. अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी पात्रता फेरीत मेरठ जिल्ह्यातल्या बहादुरपूर गावच्या अन्नू राणीनं 62.43 मीटर फेकून नवा राष्ट्रीय विक्रम केला होता. जागतिक स्पर्धेत भालाफेकीच्या अंतिम फेरीत गेलेली ती पहिली भारतीय महिला. 1 ऑक्टोबरला आम्ही मायलेकी लवकर जाऊन बसलो. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या, त्यामुळं भालाफेकीच्या धावपट्टीच्या जवळ बसता आलं.

मी आयुष्यभर भालाफेक जवळून पाहिली आहे. तरी जगातल्या बाराजणी एकामागून एक येऊन फेकतात तेव्हा आवाजच वेगळा असतो. डावा पाय रोवला जातो त्याचा एक दणका असतो, तो टीव्हीवर ऐकू येत नाही. अन्नू धावायला उभी राहिली की मी तिच्या उजव्या कोपराकडं बघत होते. 61.12 मीटरची तिची फेक पडली आणि पांढरा झेंडा वर गेला. तीन फेऱ्या संपल्या. पुढं जाणाऱ्या आठांची नावं फलकावर आली. त्यांत तिचं नाव होतं, आणि मी मुलीचा हात घट्ट धरला. तिला वाटलं, पदक मिळालं. मी म्हटलं, “नाही गं. अजून तीन फेकी मिळाल्या.”

अन्नू आठवी आली. ऑस्ट्रेलियाची केल्सी-ली बार्बर पाच फेकी होईपर्यंत चौथी होती. सहाव्या फेकीत तिनं 66.56 मीटर गाठलं आणि चीनच्या ल्यू शियिंग आणि ल्यू हुइहुई यांना मागं टाकून ती जगज्जेती झाली. हेलसिंकीला लिलाकनं केलं तेच. रात्री बाईंना फोन केला. त्या जाग्याच होत्या. आपली मुलगी आठवी आली म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “किती जणी होत्या अंतिम फेरीत?” मी म्हटलं, बारा. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, “म्हणजे सहाही फेकी मिळाल्या तिला. जागतिक स्पर्धेत आपल्या पोरीनं सहा फेकी फेकल्या!” त्यांच्या आवाजात जो आनंद होता तो मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता. मग हळूच विचारलं, “कोपर कसं होतं गं तिचं?”

अन्नूबद्दल मी नंतर मिळेल ते वाचलं. तिचा भाऊ उपेंद्र स्वतः धावायचा. क्रिकेट खेळताना बहिणीच्या हातातला जोर त्यानं ओळखला. मोकळ्या शेतात तो तिला ऊस फेकायला लावायचा. पहिला भाला बांबूचा केला. वडील शेतकरी, सुरुवातीला मुलीच्या खेळण्याला त्यांचा विरोध. दोघांचा खर्च घराला झेपेना तेव्हा भाऊ मागं सरला आणि बहिणीला पुढं केलं. पुढं तिला काशिनाथ नाईकांसारखे प्रशिक्षक लाभले. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी स्वतः भालाफेकीत कांस्य मिळवलेलं, आणि पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी खेळाडू घडवले. हे वाचताना मनात एक गोष्ट खोल गेली. मेरठ शहर देशभरासाठी क्रीडासाहित्य बनवतं. आमच्या कृष्णाकाठच्या शाळेला त्याच शहरानं खरा भाला दिला. आणि त्याच मेरठजवळच्या एका खेड्यातली मुलगी पुढच्या पिढीत बांबूनं सुरुवात करत होती, कारण खरा भाला विकत आणण्याची घरची ऐपत नव्हती. तिच्या आणि भाल्याच्या मधे उपेंद्र उभा राहिला. माझ्या आणि भाल्याच्या मधे बाई उभ्या राहिल्या. फातिमाच्या बाबतीत मार्गारेट. ही माणसं नसती तर त्या मुलींच्या अंगात ताकद होती हे कुणाला कळलंही नसतं.

2023 सालचा ऑगस्ट अन्नूला कठीण गेला. बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत ती 57.05 मीटरवर थांबली, अंतिम फेरी हुकली. तिथं जपानची हारुका कितागुची शेवटच्या फेकीत 66.73 मीटर गाठून जगज्जेती झाली. पुन्हा सहावी फेक! त्यानंतर सहा आठवडेही झाले नव्हते, तेव्हा 3 ऑक्टोबरला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अन्नूनं 62.92 मीटरची फेक केली आणि सुवर्ण जिंकलं. या प्रकारात सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. दोहाला कांस्य घेणारी ल्यू हुइहुई हांगझोऊत तिच्या मागं, तिसरी होती. ते 62.92 मीटर आले चौथ्या फेकीत. दुसऱ्या दिवशी मी गावी जाऊन बाईंना पेढे दिले. त्या म्हणाल्या, “चौथ्या फेकीत! तीनवर थांबवलं असतं तर?”

हा प्रश्न मी रोज मैदानावर घेऊन जाते. शालेय स्पर्धांत ऊन वाढतं, गाड्या निघायच्या असतात, प्रकार खोळंबलेले असतात, आणि मग कुणीतरी सुचवतं की भालाफेकीत तीन फेऱ्यांवरच निकाल लावून टाकू, फार तर एकेक फेक देऊ. मी मुख्य पंच असले तर ते होऊ देत नाही. आठजणींना पुढच्या तीन फेकी मिळतातच, टेप धरायला कुणी नसलं तर मी स्वतः धरते. माझ्या शाळेचे भाले स्पर्धेला नेते तेव्हा ते धावपट्टीच्या कडेला ठेवते आणि सगळ्या मुलींना मोठ्यानं सांगते की ज्या मुलीकडं भाला नाही तिनं यातला घ्यावा. माझ्या विद्यार्थिनी कधी कधी रुसतात. त्यांच्याशी मी एसटीत बोलते.

अशा मुलींतल्या बहुतेकजणी कुठल्याही जागतिक स्पर्धेत जाणार नाहीत. त्यांना शिक्षिका व्हायचं असेल, पोलीस भरतीला उभं राहायचं असेल, ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर जायची पाळी येऊ नये एवढंच हवं असेल. त्यांच्या हातात खरा भाला एकदा यायला हवा आणि नियमाप्रमाणे असतील तेवढ्या सगळ्या फेकी मिळायला हव्यात. बाईंनी मला हे दोन्ही दिलं, आणि माझ्याबरोबरच सांगलीच्या मैदानावरच्या एका परक्या मुलीलाही दिलं. ज्या शाळेत भाला नाही तिथल्या शिक्षकांनी मला कळवावं. मी भाला घेऊन येईन, आणि पकड शिकवूनच परत जाईन.